जांभ्याची साल आणि हवेतला कॅमेरा: साताऱ्याच्या पठारांवरच्या खनिजांचा नकाशा कसा करावा

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की कडेला आधी काळवत्री दगड दिसतो. मधेच कुठे गेरूच्या रंगाचा तांबडा पट्टा आडवा जातो, पुढे पिवळट, भुसभुशीत माती लागते आणि कासच्या बाजूला पोचेपर्यंत पायाखाली जांभा आलेला असतो. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस तासाभरात हे सगळं ओलांडतो. मूळ मात्र एकच: साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. बाकीचं काम पाण्याचं आहे.

म्हणून सातारा जिल्हा या अभ्यासाला फार सोयीचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. दोन्हींमधलं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत. खडक दोन्हीकडे बेसाल्टच, पण पश्चिमेला पावसाने त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन नेली, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरलं, तोच जांभा. पूर्वेला धुऊन न्यायला पाणीच पुरलं नाही. तिथे काळी चिकणमाती आणि चुनखडीचे खडे आहेत. सांगली जिल्ह्यात जत-कवठेमहांकाळकडे गेलात तरी हेच पूर्वेचं चित्र दिसेल. हवेतून वर्णपट, म्हणजे परतलेल्या प्रकाशाचा तरंगलांबीनुसार आलेख, टिपून खनिजांचा नकाशा करायचा म्हणजे पाण्याने कुठल्या खडकाचं काय केलं, ते वाचायचं. ही गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांना अर्थ येतो. नसली, तर रंगीत चित्र तयार होतं आणि ते काय सांगतंय हे कुणालाच कळत नाही.

भूशास्त्र किंवा भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेणारे, ड्रोनचं काम शिकलेले आणि आपल्या भागातल्या दगडांविषयी मनापासून कुतूहल असणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

कॅमेऱ्याला किती खोल दिसतं

कोयना परिसरातल्या एका वैज्ञानिक विंधनविवरात ९३० मीटरांच्या आसपास बेसाल्ट संपला आणि खालचा ग्रॅनाइट-नाइस लागला. आपला कॅमेरा यातला जेमतेम केसाच्या जाडीइतका थर पाहतो. सूर्यप्रकाश खडकावर पडतो, वरच्या कणांत थोडा शिरतो, काही तरंगलांबी तिथे शोषल्या जातात आणि उरलेला प्रकाश परत येतो. त्या परतलेल्या प्रकाशाचे शेकडो अरुंद पट्टे करून मोजणं हे हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याचं काम. साध्या कॅमेऱ्यात तीन पट्टे असतात. इथे प्रत्येक पिक्सेलमागे एक अख्खा आलेख मिळतो.

वरची साल एवढीच दिसत असल्यामुळे दगडावर दगडफूल चढलं असेल, धूळ बसली असेल किंवा लोहाचा तांबूस लेप असेल, तर दिसतो तो लेपच. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल इथे मोठा अडथळा ठरतं. पठारावरच्या करड्या-पांढुरक्या कातळाचा तो रंग बहुतेक वेळा दगडाचा नसतो, त्याच्यावरच्या दगडफुलाचा असतो.

दुसरी मर्यादा आधीच सांगून टाकतो, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. भूशास्त्रज्ञांनी इथल्या लाव्हाथरांची पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी शैलसमूहांत विभागणी केली आहे आणि त्यांना मिळून वाई उपगट असं नाव दिलं आहे. ही विभागणी मुख्यतः रासायनिक पृथक्करणावर उभी आहे. आंबेनळीचा बेसाल्ट आणि महाबळेश्वरचा बेसाल्ट हवेतून वेगळा ओळखून दाखवा, असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. बेसाल्टमधल्या फेल्डस्पारला या पट्ट्यांत धड खूणच नसते. पायरॉक्सिनच्या खुणा असतात, १००० आणि २००० ते २३०० नॅनोमीटरजवळ, पण त्या पसरट असतात आणि थर बदलला म्हणून ओळखू येण्याइतक्या बदलत नाहीत. आपल्याला नीट दिसतं ते झिजेतून तयार झालेलं खनिज.

खुणा पाठ करा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी या खुणा डोळ्यांत बसल्या पाहिजेत. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिले दोन दिवस फक्त आलेख हाताने काढायला लावतो.

लोहापासून सुरुवात करा, कारण जांभ्याचा रंगच त्याचा. हेमॅटाइट लालभडक, त्याची दरी, म्हणजे प्रकाश शोषला गेल्यामुळे आलेखात पडलेला खड्डा, ८६० ते ८८० नॅनोमीटरवर येते. गोइथाइट पिवळट-तपकिरी, त्याची दरी थोडी पुढे, ९०० ते ९३० वर. फरक चाळीस-पन्नास नॅनोमीटरचाच आहे, पण पाच नॅनोमीटरने मोजणाऱ्या कॅमेऱ्याला तो सहज कळतो. गोइथाइटला पाण्याचा ओलावा मानवतो, तर उघड्यावर तापून कोरडी पडणाऱ्या कवचाकडे हेमॅटाइट वाढतं. त्यामुळे या एका खुणेवरूनही पठाराचा उघडा माथा आणि पाणी साठणारे सखल खळगे वेगळे दिसू लागतात.

मग मातीची खनिजं. केओलिनाइटला २१६५ आणि २२०५ वर जोडदरी असते, पहिली उथळ आणि दुसरी खोल. मॉन्टमोरिलोनाइटला २२०५ ते २२१० वर एकच दरी, आणि १९०० च्या पुढे पाण्याची मोठी दरी. हवेतली वाफ तो भाग गिळून टाकते, त्यामुळे पाण्याची दरी फक्त जमिनीवरच्या मोजणीत कामाला येते. लोह असलेलं नॉनट्रोनाइट २२८५ ते २२९० वर, मॅग्नेशियमवालं सॅपोनाइट २३१० च्या पुढे. बेसाल्टच्या पोकळ्यांत हिरवा लेप दिसतो तो बहुधा सेलाडोनाइट, त्याच्या दोन दऱ्या २३०० आणि २३५० च्या आसपास. चुनखडीतलं कॅल्साइट २३४० वर.

बॉक्साइटमधलं मुख्य खनिज गिब्साइट, त्याची खूण २२६५ वर. हा आकडा अधोरेखित करून ठेवा, पुढे याच आकड्याने मला एकदा चांगलंच फसवलं.

राहिली गारगोटी, म्हणजे इथे बेसाल्टच्या पोकळ्यांतले झिओलाइटचे स्फटिक. स्टिल्बाइट, हुलँडाइट यांसारख्या झिओलाइटांसाठी आपला भाग जगभर ओळखला जातो. पण ती पोकळ्यांत लपलेली असतात आणि त्यांच्या खुणा मुख्यतः पाण्याच्या, म्हणजे पुन्हा १४०० आणि १९०० जवळच्या. हवेतून झिओलाइटचा नकाशा करायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका.

कॅमेरा कुठला

इथे खिसा आणि प्रश्न दोन्ही बघावे लागतात. ४०० ते १००० नॅनोमीटरचा कॅमेरा हलका असतो, ड्रोनवर बसतो, आणि हेमॅटाइट-गोइथाइटचं काम त्यात उत्तम होतं. पण केओलिनाइट, गिब्साइट, कॅल्साइट यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. त्यासाठी २५०० नॅनोमीटरपर्यंतचा कॅमेरा लागतो. त्याचा संवेदक थंड ठेवावा लागतो, वजन वाढतं, आणि किंमत एखाद्या विभागाचं वर्षाचं अंदाजपत्रक खाईल इतकी होते.

विमानातून केलेल्या कामाचा नमुना म्हणून नासाचं एव्हिरिस-एनजी हे उपकरण अभ्यासा. इस्रोबरोबरच्या मोहिमेत ते भारतातही उडालं आहे. ३८० ते २५१० नॅनोमीटर, पाच-पाच नॅनोमीटरच्या अंतराने. काय प्रतीचा आलेख मिळू शकतो, हे त्या आकड्यांवरून कळतं.

विमान किंवा महागडा कॅमेरा हाताशी नसेल तरी काम अडू देऊ नका. अंतराळ स्थानकावर २०२२ साली बसवलेल्या एमिट उपकरणाची आकडेवारी मोफत आहे, पिक्सेल ६० मीटरचा. जर्मनीच्या एनमॅप उपग्रहाचा पिक्सेल ३० मीटरचा. टेरा उपग्रहावरच्या अ‍ॅस्टर या उपकरणाचं जुनं भांडारही खूप उपयोगी आहे, फक्त त्याचे २००० च्या पुढचे पट्टे एप्रिल २००८ नंतर बिघडलेले आहेत, तेव्हा त्याआधीची दृश्यं घ्या. माझा सल्ला असा: एमिट किंवा एनमॅपवर अख्खा जिल्हा चाळून घ्या, त्यातून चार-पाच तुकडे निवडा आणि उड्डाण फक्त त्या तुकड्यांवर करा.

परवानग्या

ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. यंत्राची सरकारी नोंदणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपला तुकडा हिरव्या भागात आहे का हे त्याच दिवशी तपासणं. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत उडवता येतं. विमानातून करायचं तर नागरी उड्डाण आणि संरक्षण, दोन्ही खात्यांचा मार्ग लांबचा असतो, तेव्हा आधीच्या पावसाळ्यातच अर्ज करा. कास, कोयना, चांदोली हा भाग वनखात्याच्या आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या अखत्यारीत येतो. तिथे आकाश हिरवं दिसलं तरी जमिनीची परवानगी वेगळी लागते. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथे हातोडा चालवायचा नाही. खालच्या घाटकापात तोच थर मिळतो, नमुना तिथून घ्या.

दिवस निवडणं, म्हणजे अर्धं काम

जून ते ऑक्टोबर विचारच नको. आधी ढग, मग फुलं आणि हिरवं गवत. नोव्हेंबर-डिसेंबरात आकाश स्वच्छ होतं म्हणून लोक घाई करतात, पण तेव्हा पठारावर पिवळं पडलेलं कुसळाचं गवत उभं असतं आणि सूर्यही खाली असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. तोपर्यंत गवत मोडून पडलेलं असतं, गुरांनी चरून नेलेलं असतं, कातळ उघडा झालेला असतो. फेब्रुवारीच्या अखेरीला साताऱ्यात सूर्य मध्यान्ही क्षितिजापासून ६४ अंशांच्या आसपास चढतो, त्यामुळे सावल्याही आखूड.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही लक्षात असू द्या. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आपण चौऱ्याहत्तरच्या जवळ. फेब्रुवारीत सूर्य साताऱ्याच्या डोक्यावर येतो तो पाऊण वाजता. उड्डाणाची वेळ अकरा ते अडीच अशी धरा. ड्रोन असेल तर एकच्या आत आटपा, कारण दुपारनंतर पठारावरचा वारा वाढत जातो. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. त्या पवनचक्क्यांपासून ड्रोन भरपूर लांब ठेवा. पात्यांची फिरती सावलीसुद्धा आकडेवारीत पट्टे पाडते.

आता आपल्या भागातली खरी अडचण. हाच काळ ऊसतोडीचा. कृष्णाकाठी, कराड-वाळव्याकडे तोड झालेल्या फडांत पाचट पेटवलेलं असतं. त्याचा धूर संध्याकाळी दरीत बसतो आणि सकाळी ऊन तापलं की वर सरकतो. आकाश निळं वाटतं, पण ४०० ते ६०० नॅनोमीटरचा भाग धुरकट होऊन जातो, म्हणजे नेमकी लोहाच्या रंगाची ओळख बिघडते. आम्ही आदल्या दिवशी सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन बघतो: सज्जनगडाची कड रेखीव दिसली तर उद्या उडायचं, ती दुधाळ दिसली तर थांबायचं. बरोबर सूर्यप्रकाशमापक असेल तर उत्तमच, पण ही डोळ्यांची चाचणी मला क्वचितच चुकीची निघाली आहे.

वणव्याचंही तसंच. डोंगरउतार जाळले असतील तर खालचा दगड मोकळा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात कोळशाची काजळी सगळ्या दऱ्या उथळ करून टाकते. जळालेला पट्टा नकाशातून वगळा. अवकाळी पडला तर किमान चार-पाच कोरडे दिवस जाऊ द्या, ओल्या दगडाची परावर्तकता, म्हणजे प्रकाश परत पाठवण्याचं प्रमाण, पडते.

उड्डाणाचं गणित

एक उदाहरण वहीवर मांडून बघा. कॅमेऱ्याच्या ओळीत ६४० पिक्सेल, दृष्टिक्षेत्राचा कोन २० अंश, उंची जमिनीपासून १०० मीटर. पट्ट्याची रुंदी येते सुमारे ३५ मीटर, म्हणजे एक पिक्सेल साडेपाच सेंटिमीटरचा. ड्रोन सेकंदाला ५ मीटर जात असेल तर पिक्सेल चौकोनी राहायला सेकंदाला ९१ ओळी टिपाव्या लागतील. त्याहून कमी टिपल्या तर मधे फटी पडतील. वर्णपटाचे २७० पट्टे आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले तर दर सेकंदाला ३१ मेगाबाइट, दहा मिनिटांत जवळपास १९ गिगाबाइट जमा होतं. घरून निघताना डिस्क रिकामी आहे का बघा, पठारावर गेल्यावर काही करता येत नाही.

विमानाचं गणित वेगळं. प्रत्येक पिक्सेलमागे एक मिलिरेडियनचा कोन बघणारा कॅमेरा जमिनीपासून ५ किलोमीटर उंचीवर ५ मीटरचा पिक्सेल देतो. इथे ‘जमिनीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. कासचा माथा समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास, सातारा शहर सातशेच्या. विमान एकाच पातळीवर उडत राहिलं तरी माथ्यावरचा आणि पायथ्याचा पिक्सेल दहा टक्क्यांनी लहान-मोठा होतो, आणि शेजारच्या उड्डाणपट्ट्यांमधली सरमिसळ, म्हणजे एकमेकांवर चढणारा भाग, माथ्यावर कमी पडते. म्हणून सरमिसळीचं प्रमाण सगळ्यात उंच जागेसाठी काढा. मी तीस टक्के धरतो.

उड्डाणाचे पट्टे उत्तर-दक्षिण आखा. मध्यान्ही सूर्य दक्षिणेला असतो, त्याच्या दिशेने किंवा पाठमोरं उडलं की पट्ट्याच्या डाव्या-उजव्या कडा सारख्या उजळतात. महाबळेश्वर ते माण असा पूर्व-पश्चिम छेद घ्यायची हौस सगळ्यांना असते, मलाही होती. पण एक लांब पट्टा घेण्यापेक्षा वाटेवर पाच-सहा लहान तुकडे निवडून प्रत्येकावर उत्तर-दक्षिण उडणं केव्हाही चांगलं.

संवेदकाला किती वेळ प्रकाश द्यायचा हा शेवटचा निर्णय. ताजा बेसाल्ट पाच-दहा टक्केच प्रकाश परत पाठवतो. तिथे संकेत इतका क्षीण की चार टक्क्यांची दरी गोंगाटात बुडून जाते. वेळ वाढवावा तर शेजारचं सिमेंटचं छत किंवा पांढरी माती कमाल मर्यादेला जाऊन भिडते. आपल्याला खडक हवा आहे, छतं नकोत. छतं करपली तरी चालतील, अशा हिशोबाने वेळ ठरवा. प्रत्येक पट्ट्याच्या आधी आणि नंतर झाकण लावून काळी नोंद घ्यायला विसरू नका.

खाली उभी असलेली माणसं

वर यंत्र उडत असताना खाली किमान दोघं हवेत. एकाकडे ३५० ते २५०० नॅनोमीटरचा हातातला वर्णपटमापक आणि पांढरी प्रमाण पाटी, दुसऱ्याकडे वही. ड्रोनसाठी काळी, करडी आणि पांढरट अशा तीन ताडपत्र्या अंथरायच्या, प्रत्येक किमान दोन मीटर चौरस, चमक नसलेल्या. विमानाच्या ५ मीटर पिक्सेलला ताडपत्री पुरत नाही, तिथे मोठ्या एकसारख्या जागा शोधाव्या लागतात. गडद जागा म्हणून कण्हेर किंवा उरमोडी धरणाचं खोल पाणी, मध्यम जागा म्हणून शाळेचं गवत नसलेलं मैदान, उजळ जागा म्हणून साखर कारखान्याचं सिमेंटचं आवार. ताज्या बेसाल्टचा वर्णपट हवा असेल तर खडीच्या क्रशरवर जा. तिथे न झिजलेल्या काळ्या दगडाचे ढीग आयते मिळतात.

मोजताना दर दहा मिनिटांनी पांढरी पाटी पुन्हा मोजा. पाटीवर बोट लागू देऊ नका, हाताचा तेलकटपणासुद्धा वर्णपटात उमटतो. एकाच दगडाची तीन मापं घ्या: दगडफूल चढलेली बाजू, नुसती झिजलेली बाजू आणि फुटलेली ताजी बाजू. ही तीन मापं शेजारी ठेवून पाहिली की मी वर ‘साल’ का म्हणालो ते एका नजरेत पटतं.

आलेखापासून नकाशापर्यंत

क्रम असा. कच्च्या आकड्यांतून काळी नोंद वजा करा आणि प्रारणमूल्यं, म्हणजे संवेदकापर्यंत आलेल्या प्रकाशाची खरी मापं, काढा. मग हवेचा परिणाम काढून परावर्तकता मिळवा. ड्रोनच्या उंचीला ताडपत्र्यांच्या आधारे सरळ रेषेची पद्धत पुरते. विमानासाठी वातावरणाचं प्रारूप लागतं, ते ९४० आणि ११४० च्या पट्ट्यांतून वाफेचं प्रमाण प्रत्येक पिक्सेलला काढतं. १४०० आणि १९०० जवळचे पट्टे सरळ टाकून द्या, तिथून हाती काहीच लागत नाही. त्यानंतर जागेवर बसवणं. विमानाला तीस मीटरचं उंचीचं प्रारूप चालेल, ड्रोनला स्वतःच्या छायाचित्रांतून काढलेलं हवं, नाहीतर कड्याच्या काठावरचा जांभा दरीत जाऊन बसतो.

आता झाकणी. पाणी, सावली आणि हिरवं काढून टाका. हिरव्यासाठी नेहमीचा वनस्पती निर्देशांक ०.२५ च्या वर गेला की पिक्सेल बाद. वाळलेल्या गवताची झाकणी वेगळी, तिच्याकडे लगेच येतो.

मग गोंगाट वेगळा करण्याची गणिती प्रक्रिया आणि त्यानंतर शुद्ध टोकाचे, म्हणजे जवळपास एकाच खनिजाचे, पिक्सेल शोधणं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एनमॅप-बॉक्स हे मोफत जोडसाधन आहे, पायथॉन येणाऱ्यांना आणखी मोकळीक. संदर्भासाठी अमेरिकी भूसर्वेक्षणाचं वर्णपट-भांडार मोफत मिळतं, पण माझा भर स्वतः मोजलेल्या स्थानिक नमुन्यांवर असतो. भांडारातलं केओलिनाइट शुद्ध, चाळलेलं असतं. आपलं केओलिनाइट जांभ्यातल्या लोहात कालवलेलं असतं.

पिक्सेलचा आलेख संदर्भाच्या आलेखाशी ताडून बघणाऱ्या नुसत्या कोन-तुलनेवर विसंबू नका. ती अख्ख्या आलेखाचा आकार बघते, आणि आपल्याकडे सगळ्या आलेखांचा आकार लोहानेच ठरवलेला असतो. त्यापेक्षा दरीची खोली मोजा. दरीच्या दोन काठांना जोडणारी रेषा काढायची, तळाशी मिळालेल्या मूल्याला रेषेवरच्या मूल्याने भागायचं आणि एकातून वजा करायचं. रेषेवर ०.३२ आणि तळाशी ०.२८ असेल तर खोली ०.१२५, म्हणजे साडेबारा टक्के. इतकी खोली २२०५ वर मिळाली आणि शेजारी २१६५ ची उथळ दरीही असेल, तर केओलिनाइट म्हणायला हरकत नाही. खोली गोंगाटाच्या तिप्पट नसेल तर काहीच म्हणायचं नाही.

गवताने केलेला बॉक्साइट

काही वर्षांपूर्वी एका पठाराचा नकाशा आम्ही केला. २२६५ वर सुंदर दरी, आणि तीही सलग मोठ्या पट्ट्यात. बॉक्साइट कोल्हापूरच्या पठारांवर खाणींतून निघालेलाच आहे, मग इथे का नसावा, असा विचार करून मी तो पट्टा गुलाबी रंगवला आणि दोन दिवस आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी नमुने आणायला गेलो. गुलाबी पट्ट्याच्या मधोमध उभा राहिलो तर घोट्यापर्यंत वाळलेलं कुसळ, पायमोजे कुसळांनी भरलेले, आणि खाली साधा लोहाचा जांभा.

वाळलेल्या गवतातल्या सेल्युलोज आणि लिग्निनच्या दऱ्या २१०० आणि २२७० ते २३०० च्या दरम्यान येतात. दुसरी दरी गिब्साइटच्या इतकी जवळ असते की अर्धवट गवत, अर्धवट लाल माती असा मिश्र पिक्सेल सहज बॉक्साइटचं सोंग घेतो. उपाय सोपा आहे, मला तो नकाशा रंगवण्याआधी सुचायला हवा होता: २१०० कडे बघा. तिथेही दरी असेल तर ते गवत. निर्देशांक असा काढतात: २००० आणि २२०० जवळच्या परावर्तकतेची सरासरी, वजा २१०० ची. उत्तर शून्याच्या वर गेलं की पिक्सेल संशयित. गिब्साइटला २१०० वर दरी नसते. दुसरी कसोटी २२६५ च्या दरीची रुंदी. गवताची पसरट, खनिजाची त्या मानाने अरुंद. तेव्हापासून झाकणीत हे दोन्ही असल्याशिवाय मी गिब्साइटचा रंग वापरत नाही.

पुन्हा पायी

नकाशा झाला की त्याच्या ज्या जागा आपण आधी वापरल्या नाहीत, त्यांतल्या निदान साठ जागा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि चालत जा. चिठ्ठ्या यासाठी की माणूस नाहीतर रस्त्याकडेच्या जागाच निवडतो. मोबाइलची जागा पाच मीटर इकडेतिकडे होते, म्हणून विमानाच्या नकाशाला तीन गुणिले तीन पिक्सेल एकसारखे असतील अशीच जागा घ्या. प्रत्येक जागी वर्णपट, छायाचित्र, आणि परवानगी असेल तिथे सुटा पडलेला मूठभर नमुना. त्यातल्या वीसेक नमुन्यांचं क्ष-किरण विवर्तन, म्हणजे स्फटिकरचनेवरून खनिज ओळखण्याची चाचणी, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून करून घ्या. पूड करताना मात्र वरची साल वेगळी खरवडून तिची पूड स्वतंत्र ठेवा. अख्खा दगड दळला तर प्रयोगशाळा आतल्या दगडाविषयी सांगेल आणि कॅमेरा बाहेरच्या, मग दोघांचं जमत नाही म्हणून तुम्ही उगाच कॅमेऱ्याला दोष द्याल.

चुकांचा तक्ता मांडताना एकूण टक्केवारीवर समाधान मानू नका, कोणतं खनिज कशात मिसळलं ते बघा. आमच्याकडे हेमॅटाइट-गोइथाइट फारसं चुकत नाही. केओलिनाइट आणि मॉन्टमोरिलोनाइट मात्र कोरेगाव-खटावच्या मधल्या पट्ट्यात हटकून गुंततात, कारण पाऊस मधला आणि मातीही मधली. तिथे दोन रंगांत भांडण लावण्यापेक्षा ‘मिश्र चिकणखनिजं’ असा तिसरा वर्ग केलेला बरा.

सूचीत ‘हेमॅटाइट’ असं न लिहिता ‘हेमॅटाइटप्रधान पृष्ठभाग’ असं लिहा. ‘ओळख पटली नाही’ हा रंगही ठेवा, करडा, आणि तो भरपूर दिसला तरी लाजू नका. नकाशाच्या कोपऱ्यात उड्डाणाची तारीख, वेळ, सूर्याची उंची, पिक्सेलचा आकार, झाकलेल्या भागाची टक्केवारी आणि शेवटचा पाऊस होऊन किती दिवस झाले होते, एवढं छापा. कच्ची आकडेवारी दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या गावांत ठेवा. नमुन्यांच्या पिशव्यांवर बाहेर मार्करने आणि आत कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने क्रमांक घाला. घामाच्या हाताने आणि पाठपिशवीतल्या पाण्याने मार्कर पुसला जातो, आतली पेन्सिल राहते.